शिंपल्यातला पाहुणा

सहजीवनाचा धडा शिकवताना आपण फळ्यावर तीन रकाने आखतो. दोघांचाही फायदा तो परस्परोपकार. एकाचा फायदा व दुसऱ्याचे नुकसान ती परजीविता. आणि एकाचा फायदा, पण दुसऱ्याला ना लाभ ना हानी, ती सहभोजिता. हे रकाने वाटतात तितके पक्के नाहीत. शिंपल्यात राहणाऱ्या वाटाण्याएवढ्या खेकड्यांचा इतिहास पाहिला की हे ध्यानात येते.

इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने पिन्ना नावाच्या मोठ्या शिंपल्यातील ‘पहारेकऱ्या’ची नोंद केली. पहारेकरी गेला तर शिंपला लवकरच मरतो, असे त्याने लिहिले. पुढे प्लिनी या रोमन लेखकाने सांगितले, की उघड्या शिंपल्यात मासे शिरताच पहारेकरी हलकेच चावून इशारा देतो, शिंपला मिटतो आणि दोघे शिकार वाटून घेतात. म्हणजे खेकडा पहिल्या रकान्यात!

बेल्जियमचे प्राणिशास्त्रज्ञ पिएर-जोझेफ व्हान बेनेडेन यांनी १८७५ मध्ये सहभोजी व परजीवी प्राण्यांवर ग्रंथ लिहिला. यजमानालाच खाणारा वेगळा आणि त्याच्या पंगतीला नुसता बसणारा वेगळा, हा भेद त्यांनी ठसवला. लॅटिनमध्ये ‘मेन्सा’ म्हणजे मेज. त्यावरून ‘कॉमेन्सल’, आणि मराठीत ‘सहभोजी’. शिंपल्यातले खेकडे त्यांनी सहभोजींत घातले.

१९४५ मध्ये लेस्ली स्टॉबर यांनी याच कुळातील, अमेरिकेतील कालवांत राहणाऱ्या खेकड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कालवाने कल्ल्यांवर गोळा केलेले अन्न खेकडा पळवतो आणि त्यात कल्ले झिजतात, असे दिसले. खेकडा दुसऱ्या रकान्यात गेला.

खेकडा तोच होता. पाहण्याची रीत बदलली होती.

सहभोजितेतले ‘शून्य’ सिद्ध करणे सर्वांत कठीण असते. गाईमागे फिरणारा गायबगळा घ्या. गाईच्या पायांनी उडालेले किडे त्याला आयते मिळतात. हॅरल्ड हीटवोल यांनी १९६५ मध्ये निरीक्षणांनी दाखवले, की गुरांजवळच्या बगळ्यांना भक्ष्य अधिक सहज मिळते. बगळ्याचा लाभ असा मोजता येतो. गाईला काहीच होत नाही, हे म्हणण्यासाठी मात्र तिची सर्व बाजूंनी तपासणी करावी लागेल.

म्हणून आम्हांला वाटते, की ही उदाहरणे पाठ करून घेताना प्रत्येकापुढे ‘आजवरच्या निरीक्षणांनुसार’ एवढे शब्द जोडावेत. एखाद्या विद्यार्थ्याने ‘शून्य कशावरून?’ असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नये. शिंपला उघडून पाहावासा वाटतो तो अशाच प्रश्नामुळे.