तलावातला गाळ

गोंदियाला तलावांचा जिल्हा म्हणतात. १ मे १९९९ रोजी तो भंडाऱ्यातून वेगळा झाला, तेव्हा तलावांची ही कीर्तीही त्याच्या वाट्याला आली. याच मुलखात इतके तलाव का, असे मी विचारतो तेव्हा बहुतेक जण कोहळी समाजाच्या कौशल्याकडे बोट दाखवतात. ते खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे उत्तर पायाखालच्या खडकात आहे.

सह्याद्रीचा काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आमगावच्या नावाने भूशास्त्रात ओळखला जाणारा इथला पट्टिताश्म अडीचशे कोटी वर्षांहून जुना आहे. इतका काळ ऊन, पाऊस आणि झाडांची मुळे त्याला पोखरत आली आहेत. खडक तडकतो, फटीत पाणी शिरते, आतली खनिजे कुजून माती होते. हे विदारण. ती माती पाणी खरवडून नेते आणि वेग मंदावला की टाकून देते. शाळेत आपण शिकलो ते खनन, वहन आणि संचयन हेच. कठीण खडकांचे डोंगर मागे राहिले, मऊ भाग झिजून सखल झाला.

इथल्या शेतकऱ्याने हा भूगोल मातीच्या नावांत जपला आहे. खडेमिश्रित ती बरडी, धानाला मानवणारी पिवळसर, वाळूमिश्रित ती सिहार, आणि काळी, भारी ती कन्हार.

गोंड राजांनी कोहळ्यांना काशीहून आणले, असे परंपरा सांगते. जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखालची जमीन, असा राजांचा शिरस्ता होता म्हणतात. कोहळ्यांनी दोन टेकड्यांमधली खिंड हेरली आणि तिथे मातीची पाळ घातली. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय त्याच विद्येची साक्ष आहे. तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात.

पण पाणी अडवले की मातीही अडते. ओढ्याच्या तोंडाशी जाड वाळू बसते, संथ पाण्यात बारीक चिखल. तलाव बांधल्या दिवसापासून भरू लागतो. म्हणूनच उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकण्याची रीत होती. डोंगराने गमावलेली माती अशी शेताला मिळे. मालगुजारीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात वेठबिगारही होती. तरी गाळ काढणे हे कोणाचे तरी काम होते.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले. कारभार बदलला, निसर्गाचे काम मात्र थांबले नाही. गाळ साचत गेला, तलाव उथळ झाले, कित्येकांत बेशरमची झुडपे माजली. पाणी लवकर आटू लागले आणि ऐन गर्भारपणातल्या धानाला शेवटचे पाणी मिळेना. ढिवरांची मासेमारीही घटली.

अलीकडे अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजातील स्त्रियांनी बेशरम उपटून तलावांत देशी पाणवनस्पती लावल्या. २०१७ मध्ये राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. दोन्हींचे मला मोल वाटते. पण गाळ एकदा काढून संपणारा नाही. वरच्या डोंगरावर जंगल विरळ झाले, तर पुढच्या पावसाळ्यात तो दुप्पट जोमाने येईल. तलाव वाचवायचा असेल, तर पाळीवर उभे राहून नुसते पाण्याकडे पाहू नये. पाठीमागच्या डोंगराकडेही पाहावे.