जीपच्या पुढच्या पाट्यांचे कूळ

रेणापुरात जुनी विलिस जीप पुन्हा उभी करायची, तर इंजिन आणि रंगाआधी पुढच्या पाट्यांचा, म्हणजे लीफ स्प्रिंगचा, निर्णय घ्यावा लागतो. तेच ठेवायचे, की चासी कापून कॉईल स्प्रिंग बसवायच्या?

या पाट्यांचे कूळ घोडागाडीपर्यंत जाते. १८०४ मध्ये इंग्लंडच्या ओबादाया इलियटने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी मोटारीत पुढच्या ॲक्सलवर एकच आडवा पाटा आला. जुन्या फोर्ड वेगासाठी नव्याने बांधणाऱ्या अमेरिकन हौशींपैकी अनेकांनी पुढे तो पाटा काढून १९७४ च्या मस्टँग-टूच्या धर्तीचे सस्पेन्शन बसवले. दोन्ही चाके स्वतंत्र झाली. गुळगुळीत डांबरी रस्त्यासाठी ते योग्यच होते.

जीपचे काम वेगळे. १९४१ च्या विलिसला पुढच्या चाकांनीही ओढायचे होते, म्हणून पुढेही अखंड ॲक्सल आणि दोन लांबट पाटे. डाव्या पाट्याला तर ॲक्सलचा पीळ आवरायला एक जादा पाटाही होता. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्राने मुंबईत विलिस जोडायला घेतली आणि हेच पाटे आपल्याकडे आले.

पाटा टिकला तो दुरुस्तीच्या सोयीमुळे. यू-बोल्ट सोडला, सेंटर बोल्ट काढला, की थर सुटे होतात. तुटलेला एकच पाटा बदलता येतो, दबलेल्याला पुन्हा बाक देता येतो. टाकाऊ पाट्याचा लोहार कोयता घडवतो, आणि इथल्या रेणा साखर कारखान्याच्या उसाच्या पट्ट्यात कोयत्याला कामाची वाण नाही.

महिंद्राने स्वतः मात्र वाट बदलली. २०१० च्या थारला पुढे टॉर्शन बार आला, मागे पाटे राहिले. २०२० च्या थारमध्ये चारही बाजूंना कॉईल आल्या. पण त्या गाडीची चासी त्याच हिशोबाने बांधलेली आहे. जुन्या जीपला तो संच बसवायचा, तर पुढची चासी कापावी लागते, स्टिअरिंगची जोडणी बदलते आणि पुढच्या चाकांची ओढ राखणे अवघड होते. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर ती मूळ रूपातच असावी लागते.

म्हणून आधी शॅकल, बुश आणि किंग पिन तपासा, पाट्यांना बाक द्या, चांगले शॉकॲब्सॉर्बर लावा. शेतरस्त्यावर चालणाऱ्या जीपला एवढे पुरते, आणि उद्या पाटा तुटला तरी तो गावातच दुरुस्त होतो.