माजी विद्यार्थ्यांचे मेळावे : संस्थेकडून तुकडीकडे

महाविद्यालय सोडून पंचवीस-तीस वर्षे लोटल्यावर सहाध्यायांनी ठरवून एकत्र येण्याची प्रथा महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाइतकी जुनी नाही, कारण ठरवून भेटण्याची गरज भासण्यापूर्वी ताटातूट व्हावी लागते. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठातून १८६२ मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे चौघेच होते, आणि १८६७ मध्ये मुंबईत निघालेल्या प्रार्थना समाजाच्या कार्यातही हे चौघे पुन्हा एकत्र दिसतात. पदवीधरांचे वर्तुळ इतके लहान असताना सहाध्यायी हाच सभेतला सहकारी असे आणि त्याच्या भेटीसाठी वेगळा सोहळा योजण्याचे कारण नसे.

पुढे पदवीधरांची संख्या वाढली, ते नोकरीनिमित्त जिल्ह्याजिल्ह्यांत पांगले आणि माजी विद्यार्थी संघ, म्हणजे एकाच संस्थेतून वेगवेगळ्या वर्षी बाहेर पडलेल्यांची संघटना, आकाराला आली. अशा संघटित माजी विद्यार्थ्यांचे बळ किती असू शकते, हे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या इतिहासात दिसते. १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेल्या या संस्थेला १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीच्या आधारे उभारलेल्या येरवड्याच्या वास्तूत ती १८६८ मध्ये गेली. टिळक आणि आगरकर यांचा स्नेह येथेच जुळला व त्यातून १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उभे राहण्यास बळ मिळाले. सरकारने १९३४ मध्ये हे महाविद्यालय बंद केले, तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध न्यायालयीन लढा दिला, आणि अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून ते पुन्हा उघडले. इरावती कर्वे आणि हसमुख सांकलिया यांचे पुढील संशोधन याच संस्थेत झाले. या लढ्यामागचे नाते एका वर्गात शेजारी बसल्याचे नव्हते, एकाच संस्थेचे असल्याचे होते.

आजच्या मेळाव्याचा घटक मात्र तुकडी, बोलीत ‘बॅच’, हा आहे. १९८३ मध्ये महाराष्ट्र सरकारने विनाअनुदानित, म्हणजे सरकारी अनुदानाविना विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालणाऱ्या, अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिल्यानंतर मोठमोठ्या तुकड्या बाहेर पडू लागल्या आणि त्यांतील अनेकजण मुंबई-पुण्यापासून अमेरिकेपर्यंत विखुरले. चार वर्षांचा अभ्यासक्रम धरता पहिल्या तुकड्यांची पदवीची पंचविशी २०१२ च्या सुमारास भरली आणि त्याच काळात भ्रमणध्वनीवरील व्हॉट्सॲपचे ग्रुप घरोघरी पोचले; एकाने दुसऱ्याचा व दुसऱ्याने तिसऱ्याचा क्रमांक जोडत गेल्याने पत्रव्यवहाराच्या काळात न जमणारे काम काही आठवड्यांत होऊ लागले. सर्वांत कठीण शोध वर्गातील मुलींचा असे, कारण विवाहानंतर आडनाव तर बदलेच, शिवाय मधल्या नावाच्या जागी वडिलांऐवजी पतीचे नाव येई आणि काही घरांत वधूचे पहिले नावही बदलले जाई, त्यामुळे महाविद्यालयाच्या नोंदीतील नावावरून तिचा माग लागत नसे.

या मेळाव्यांचा विधीही आता ठरून गेला आहे : जुन्या वर्गात बसून हजेरी, निवृत्त शिक्षकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, दिवंगत सहाध्यायांना श्रद्धांजली, पंगत आणि समूहछायाचित्र. महाविद्यालयीन स्नेहसंमेलनातील फिशपाँड, म्हणजे निनावी चिठ्ठ्यांतून केलेली आणि व्यासपीठावरून वाचली जाणारी थट्टा, येथे पुन्हा अवतरते. अधिकारी, उद्योजक किंवा आजी-आजोबा झालेल्यांना तीन-चार तास पद व प्रतिष्ठा बाजूला ठेवून जुन्या टोपणनावाने हाक मारण्याची मुभा तिच्यामुळे मिळते. संस्था येथे बहुधा केवळ स्थळ पुरविते.

मात्र संस्थांनाही माजी विद्यार्थ्यांची गरज नव्याने भासू लागली आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, अर्थात ‘नॅक’, महाविद्यालयांची गुणवत्ता ठरविताना माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हाही निकष तपासते आणि नोंदणीकृत संघ आहे काय, हे पाहते. त्यामुळे अनेक ठिकाणी संघ कागदोपत्री उभे राहिले, परंतु जिव्हाळा तुकडीच्या ग्रुपवर आणि नोंदणी संघाच्या दप्तरात अशी फारकत उरली. तुकडीचा मेळावा त्या तुकडीच्या आयुष्यापुरताच चालतो, तर संघाला दरवर्षी नवे सभासद मिळू शकतात. म्हणून १९३४ सारखी वेळ पुन्हा आली, तर संस्थेची बाजू घेऊन उभे राहण्याचे सामर्थ्य वेगवेगळ्या तुकड्यांना एकत्र बांधणाऱ्या संघातच असेल.