निलंबन म्हणजे बडतर्फी नव्हे : दोषी पोलिसावरच्या कारवाईचे टप्पे

पोलिसांकडून वस्तीत अत्याचार झाला की मोर्चा निघतो आणि 'बडतर्फ करा' ही मागणी होते. दोन-तीन दिवसांत निलंबनाचा आदेश निघतो, नेत्यांची भाषणे होतात आणि आंदोलन मागे घेतले जाते. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे वारंवार पाहतो. निलंबन ही शिक्षाच नाही, हे मात्र बऱ्याच कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचलेले नसते.

निलंबन आणि बडतर्फी

चौकशीत अडथळा येऊ नये म्हणून कर्मचाऱ्याला तात्पुरते कामापासून दूर ठेवणे म्हणजे निलंबन. त्याची नोकरी कायम असते, त्याला निर्वाह भत्ता मिळतो. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन लांबवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अजयकुमार चौधरी प्रकरणात (२०१५) म्हटले. म्हणजे विभागीय चौकशीची फाईल हलली नाही, तर तोच माणूस पुन्हा वर्दी घालून समोर येऊ शकतो.

'सेवेतून काढून टाकणे' आणि 'बडतर्फी' या मात्र शिक्षा आहेत. बडतर्फ झालेल्याला सर्वसाधारणपणे पुन्हा सरकारी नोकरी मिळत नाही.

सचिन वाझे यांचे उदाहरण पाहा. ख्वाजा युनूस कोठडी मृत्यू प्रकरणात ते २००४ मध्ये निलंबित झाले. खटल्याचा निकाल लागलेला नसतानाच २०२० मध्ये ते सेवेत परतले. २०२१ मध्ये ते बडतर्फ झाले, ते दुसऱ्याच प्रकरणात अटक झाल्यानंतर.

संविधानाचे कलम ३११

नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा अधिकारी कोणाला बडतर्फ करू शकत नाही. आरोप लेखी कळवून, बाजू मांडण्याची संधी देऊन चौकशी करावी लागते. याला तीन अपवाद आहेत : फौजदारी गुन्ह्यात दोषसिद्धी झाली असेल, चौकशी करणे व्यवहार्य नसल्याची कारणे लेखी नोंदवली असतील, किंवा राज्याच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रपती वा राज्यपालांनी तसे ठरवले असेल.

हे संरक्षण काढून टाका, अशी मागणी कधी कधी ऐकू येते. आम्हाला ती घातक वाटते. आपल्या घरांतली मुले-मुलीही पोलिसांत शिपाई आहेत. हे कलम नसेल तर जातीचा आकस धरणारा वरिष्ठ त्यांना एका सहीने घरी बसवेल. आपली मागणी चौकशी टाळण्याची नको, ती वेळेत पूर्ण करण्याची हवी.

तक्रार कुठे करायची?

प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापन करण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य आणि विभागीय पातळीवर अशा प्राधिकरणांची तरतूद केली. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी अशा तक्रारी तिथे करता येतात. मात्र प्राधिकरण स्वतः कोणाला बडतर्फ करत नाही. अहवाल सरकारकडे जातो, म्हणून पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो.

गुन्हा नोंदवून घ्यायलाच टाळाटाळ झाली, तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ४ आहे. कर्तव्यात जाणीवपूर्वक कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीच्या नसलेल्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कारावास होऊ शकतो. त्यासाठी आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, म्हणून तिची मागणी पहिल्या अर्जातच लिहावी.

कोठडीत मृत्यू झाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ नुसार न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी होते. परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी प्रकरणात पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश २०२५ मध्ये उच्च न्यायालयाकडून मिळवावा लागला. सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला.

विश्वास कशाने बसतो?

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. तरी तुकडीच्या प्रमुखाला सत्र न्यायालयाने दोषी ठरवायला २००९ साल उजाडले, आणि पुढे अपील प्रलंबित असताना त्याला जामीनही मिळाला. बारा वर्षे वाट पाहणाऱ्या वस्तीला 'पोलिसांवर विश्वास ठेवा' असे सांगून विश्वास बसत नाही. तो चौकशीच्या निकालाने बसतो.

कार्यकर्त्यांसाठी

- तक्रार लेखी द्या, पोच घ्या, वैद्यकीय कागदांच्या प्रती जपा.
- निलंबनाच्या आदेशाची तारीख लिहून ठेवा. तीन महिने पूर्ण होण्याआधी दोषारोपपत्र दिले का, हे माहितीच्या अधिकारात विचारा.
- फौजदारी खटला आणि विभागीय चौकशी स्वतंत्र आहेत. एक थांबली तरी दुसरीचा पाठपुरावा सोडू नका.
- पीडित कुटुंबासोबत प्रत्येक तारखेला कोणीतरी जाईल, अशी पाळी लावा.

मोर्चाला हजार माणसे येतात. सहा महिन्यांनंतरच्या तारखेला दोन माणसे असली, तरी त्या कुटुंबाला एकटे लढावे लागत नाही.