दोन पिवळ्या भिंती

इतिहासाची साधने म्हटली की कागदपत्रे, नाणी व शिलालेख डोळ्यांपुढे येतात. भिंतीवरील रंगाची गणना त्यांत सहसा कोणी करीत नाही. ही उपेक्षा किती अनाठायी आहे, हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दोन पिवळ्या भिंतींवरून ध्यानात येते.

पहिली भिंत लंडनची. वास्तुशिल्पी जॉन सोन याने १८१२-१३ साली लिंकन्स इन फील्ड्स येथे आपले घर नव्याने बांधले व त्यातील दिवाणखान्यास ‘टर्नरचा पेटंट पिवळा’ दिला. हा टर्नर म्हणजे प्रसिद्ध चित्रकार नव्हे. रंगाचे पेटंट १७८१ साली घेणारा जेम्स टर्नर होय. शिशाचे भस्म, म्हणजे मुरदाडशिंग, व साधे मीठ यांपासून हा रंग सिद्ध होत असे.

दुसरी भिंत अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांताची. माजी अध्यक्ष थॉमस जेफर्सन याने मॉंटिचेलो या आपल्या घरातील भोजनगृह १८१५ च्या सुमारास क्रोम पिवळ्या रंगाने रंगविले. सैबेरियातील एका तांबूस खनिजात वोक्लँ या फ्रेंच रसायनज्ञास १७९७ मध्ये क्रोमियम हे नवे मूलद्रव्य सापडले. त्याचा शिशाशी संयोग होऊन हा रंग बनतो.

दोन्ही रंग उबदार, दोन्ही शिशाचे. नुसत्या नजरेस ते सख्ख्या भावंडांसारखे वाटावेत. परंतु एक जुन्या कारागिरीचे अपत्य, तर दुसरा नव्या रसायनशास्त्राचे. म्हणूनच ज्या थरात क्रोम आढळेल तो १७९७ पूर्वीचा नव्हे, असे निःशंक म्हणता येते. जुन्या लोकांची अभिरुची सौम्य व फिकट होती, या आपल्या समजुतीसही येथे धक्का बसतो. मॉंटिचेलोचे भोजनगृह विसाव्या शतकात दीर्घकाळ निळे होते. रंगाच्या थरांची सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षा झाल्यावर २०१० मध्ये त्यास पुन्हा झगझगीत पिवळा रंग देण्यात आला.

मात्र भिंतीच्या साक्षीस मर्यादा आहेत. मानवी समतेचा १७७६ चा जाहीरनामा लिहिणाऱ्या या गृहस्थाच्या भोजनगृहात गुलाम राबत. चुलाण्याच्या दोन्ही बाजूंस तळघरातून मद्य वर आणणारे छोटे पाळणे बसविले होते. त्यामुळे वाढप्यांचा वावर कमी होई. घराचा मुख्य सेवक बरवेल कोल्बर्ट हा गुलाम स्वतः रंगाऱ्याचे कामही जाणत असे. त्यास स्वातंत्र्य मिळाले ते जेफर्सनच्या मृत्युपत्राने, १८२६ साली. धन्याची अभिरुची, ऐपत व नव्या शास्त्राची हौस भिंत सांगते. कोल्बर्टचे नाव मात्र कागदपत्रांतच शोधावे लागते. भिंत वाचणाऱ्याने दप्तर मिटून ठेवू नये, हे बरे.