गप्प बसणाऱ्यांची नोंद

परवा नातवाने घरातला दिवे लुकलुकणारा छोटा डबा बदलला. म्हणाला, "आजोबा, हा स्विच. कुठला संगणक कुठल्या पोर्टला जोडलाय, हे तो आपलं आपण शिकतो." शिकतो म्हटल्यावर मास्तर गप्प बसतो थोडाच? आठ दिवस त्याला छळलं, थोडं वाचलं, आणि कळलं ते इथे लिहितोय.

गोष्ट अमेरिकेतली. १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. एकच तार, सगळे संगणक तिलाच जोडलेले. एक बोलला की सगळ्यांना ऐकू जायचं. निरोप ज्याच्या नावाचा, त्याने घ्यायचा. त्यासाठी प्रत्येकाला वेगळा पत्ता हवा. १९८१ साली योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी ४८ बिटांच्या पत्त्यावर निबंध लिहिला. त्यात सुमारे २८१ लाख कोटी आकडे मावतात! तोच आजचा मॅक पत्ता. हे दलाल आपल्या मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी, हे वाचून बरं वाटलं.

पण पत्ता कळला म्हणून माणूस कुठे बसलाय ते कळत नाही. ती युक्ती १९८० च्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कंपनीत मार्क केम्फ यांनी काढली. दोन तारांच्या मध्ये बसणारा त्यांचा 'ब्रिज' नुसता ऐकत राहायचा. निरोपावर धाडणाऱ्याचाही पत्ता असतो. तो वाचून हा नोंद करायचा, की अमका या बाजूला आहे. १९९० च्या सुमारास 'कल्पना' नावाच्या कंपनीने सात पोर्टांचा इथरनेट स्विच आणला. रीत तीच. घेणाऱ्याची नोंद असेल तर निरोप त्याच पोर्टला जातो. नसेल तर आला ते पोर्ट सोडून बाकी सगळीकडे.

मला गंमत वाटली ती विसरण्याची. कोणी बोललं की त्याची नोंद ताजी होते. गप्प राहिलं की ठरावीक वेळाने पुसली जाते. १९९० च्या ८०२.१डी या मानकात ही मुदत ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं सुचवली आहे. कारण साधं आहे. यंत्र दुसरीकडे हलवलं आणि ते बोललंच नाही, तर निरोप जुन्याच घरी जात राहतील. शिवाय वहीला पानं मोजकीच.

गेल्या महिन्यात रस्त्यात एक गृहस्थ पाया पडले. "सर, ओळखलंत?" मी नाही ओळखलं. दोन वर्षं माझ्याच वर्गात होता, मागच्या बाकावर. त्याचा चेहरा उतरला, तो अजून डोळ्यांपुढून जात नाही. वयामुळे विसरलो, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण खरं सांगायचं तर वर्गात बडबडणारी मुलं मला आजही नावानिशी आठवतात. तो कधी बोलला नाही आणि माझ्या वहीत कधी आलाच नाही.

स्विचचंही तसंच आहे. न बोलणाऱ्याची नोंद त्याच्याकडेही नसते. फरक एवढाच, की त्याच्या नावाचा निरोप आला तर स्विच सगळ्या दारांवर हाक मारतो, आणि ती त्या गप्प बसलेल्यापर्यंत पोचते. त्याने उत्तर दिलं की नोंद होते.

मी मात्र हात वर करणाऱ्यांनाच विचारत राहिलो. तुमच्यापैकी कोणी आज शिकवत असाल, तर मागच्या बाकांकडे एक हाक मारून बघा.

असो.