घोड्याची दौड आणि घड्याळाचा काटा

बाजीरावाने १७३७ साली दिल्लीवर घातलेली झडप व्याख्यानात आली की टाळ्या हमखास पडतात. दहा मजलांची वाट दोन दिवसांत! पण त्या दौडीनंतर घोड्यांचे काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज आम्ही तेच विचारणार आहोत. कारण लांब पल्ल्याच्या घोडदौडीच्या शर्यती आजही जगभर होतात, आणि त्या कशा घ्याव्यात याचा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडील जुन्या मंडळींना या प्रश्नाची जाण होती. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. तो मेला की शिलेदारी गेली. तेव्हा पोटासाठी का होईना, तो घोड्याला जपे. बारगिराला मिळे तो सरकारी पागेतला घोडा. त्याची निगा हुकूम काढून करवून घ्यावी लागे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्धच आहे. दाणावैरण आताच बेहिशेब उडवाल तर भर पावसाळ्यात घोडे उपाशी मरतील, आणि ते तुम्हीच मारले असे होईल, हा त्याचा आशय. महाराज दोष पावसाला देत नाहीत, कारभाराला देतात. आमच्या विषयाचे मर्म तेथेच आहे.

युरोपात हे मर्म फार महागात कळले. १८९२ च्या ऑक्टोबरात जर्मन लष्करी अधिकारी बर्लिनहून व्हिएन्नाकडे आणि ऑस्ट्रियन अधिकारी व्हिएन्नाहून बर्लिनकडे निघाले. अंतर सुमारे ५८० किलोमीटर. श्टारेम्बेर्ग नावाचा ऑस्ट्रियन सरदार सुमारे ७१ तासांत पोचून पहिला आला. त्याचा घोडा मात्र वाचला नाही. असे दोन डझनांच्या आसपास घोडे मेले. ते स्वार जातीने क्रूर होते असे नव्हे. पहिला मान घड्याळाला दिला होता, आणि घड्याळाला दम लागत नाही.

१९५५ साली कॅलिफोर्नियात वेंडेल रोबी यांनी डोंगरातून १०० मैलांची दौड सुरू केली. २४ तासांत पार करावी, एवढीच मुख्य अट. १९६४ पासून तेथे पहिल्या दहांत येऊन सर्वांत सुस्थितीत राहिलेल्या घोड्याला वेगळा चषक मिळतो, आणि त्याची पारख दुसऱ्या दिवशी सकाळी होते! पुढे आंतरराष्ट्रीय शर्यतींत वाटेवर पशुवैद्यांचे नाके आले. घोड्याच्या नाडीचे ठोके मिनिटाला ६४ पर्यंत उतरल्याखेरीज तो नाक्यावर पोचला असे धरीत नाहीत. फाजील पळविणाऱ्याचा वेळ आपोआप तेथे उभे राहण्यात जातो. युक्ती झकास खरी, पण सपाट वाळूच्या वाटांवर वेग इतका वाढला की घोड्यांचे पाय मोडू लागले. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय संघाने अमिरातीच्या संघटनेला काही महिने निलंबित केले. २०१८ ची अमेरिकेतील जागतिक शर्यत तर उष्म्यामुळे आणि दमटपणामुळे अर्ध्यावर थांबविली. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग निवत नाही, हे ठाणे-कल्याणकरांना मे महिन्यात वेगळे सांगावयास नको. घोडाही आपल्यासारखाच घामाने निवतो.

येथे कल्याण-अंबरनाथकडील श्रोत्यांच्या मनात घोड्याऐवजी बैल आला असेल, आणि ते योग्यच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलगाडा शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला. १८ मे २०२३ रोजी न्यायालयाने तो ग्राह्य धरला. नियमांनी धाव १००० मीटरांच्या आत आणली, वैद्यकीय तपासणी घातली, चाबकाला मनाई केली. हे सर्व चांगलेच. पण बक्षीस अजून पहिल्या येणाऱ्यालाच आहे. आणि जेथे बक्षीस तेथे माणसाची बुद्धी धावते, हा बर्लिन-व्हिएन्नाचा अनुभव.

सुस्थितीतल्या जोडीला मान दिला तर तो पाहावयास गर्दी जमणार नाही, असे यात्रेचे पंच म्हणतील. त्यांचे म्हणणे खरेही असेल. मग निदान एवढे करावे: गुलाल त्याच दिवशी उधळावा, बक्षिसाची रक्कम मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी वैद्याने जोडी पाहिल्यावर द्यावी. गर्दी कमी होणार नाही, आणि त्या रात्री गोठ्यात कंदील घेऊन कोणीतरी जागेल.